‘यापैकी नाही’चा खण

चौतीस वर्षे मी टपालाचे वर्गीकरण केले. हे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो. समोर डोक्याएवढ्या उंचीची सॉर्टिंग केस असते, तिला ओळीने खण असतात, प्रत्येक खणाला एखादे गाव किंवा टपाल कार्यालय नेमून दिलेले असते, आणि डाव्या हातातल्या गठ्ठ्यातले प्रत्येक पत्र पत्त्यावर नजर पडताक्षणी उजव्या हाताने आपापल्या खणात गेले पाहिजे. नजर आणि हात यांच्यामध्ये विचार शिरला की गठ्ठा संपत नाही आणि विचार अजिबात शिरला नाही तर चुका होतात. ठाण्यातील सँडोज बागेचा पिन कोड ४००६०७ आणि मी राहतो त्या नेरूळचा ४००७०६. लिहिणाऱ्याच्या हातून किंवा वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून सहा आणि सात यांची अदलाबदल झाली की पत्र खाडीच्या भलत्याच बाजूला पोहोचते, तिथे त्याच्यावर ‘मिससेंट’ असा शेरा पडतो आणि ते दोन दिवसांनी परत फिरते.

ज्या पत्राला कोणताच खण लागत नाही ते बाजूला ठेवावे, असा नियम होता. माझी मात्र अशी समजूत होती की पाळी संपताना बाजूची रास जितकी लहान तितका सॉर्टर चांगला, आणि त्यामुळे अर्धवट पत्त्याचे पत्रही कुठल्या तरी जवळच्या खणात ढकलून देण्याची खोड मला लागली होती. नोकरीत ती कधी कोणाच्या ध्यानात आली नाही. ती माझ्याच ध्यानात आली ती निवृत्तीनंतर चार वर्षांनी, पत्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका कामात.

२०२३ च्या जुलैमध्ये माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे घरात बसणे आले. माझी भाची वाशीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकते. ती भेटायला आली तेव्हा लॅपटॉप उघडून म्हणाली, “मामा, तुझ्यासाठी काम आणलंय. खणांत टाकायचंच आहे, फक्त पत्रांऐवजी आवाज.” मी म्हणालो, “आवाज खणात कसा टाकणार?” तिने एक आकृती दाखवली. गडद निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर मधोमध एक पिवळसर थेंब उभा होता. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर कंपनांची वारंवारता आणि रंगावरून त्या क्षणी त्या वारंवारतेला किती जोर होता ते कळते, एवढे तिने समजावून सांगितले. अशा आकृतीला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात.

त्या प्रकल्पाचे नाव ग्रॅव्हिटी स्पाय. झूनिव्हर्स या, सामान्य स्वयंसेवकांच्या मदतीने संशोधन चालवणाऱ्या संकेतस्थळावर तो ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशा दोन ठिकाणी लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या वेधशाळा आहेत. त्यांना दुर्बिणीसारखी काच किंवा तबकडी नसते. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझरचा किरण आरशांवरून परावर्तित करून आणायचा आणि दोन्ही भुजांच्या लांबीत पडलेला फरक मोजायचा, अशी त्यांची रचना असते. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्यावर निघालेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणारी आणि आकसवणारी लहर, पृथ्वीवरून जाते तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही अत्यल्प अंशाइतका असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर टिपली गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती जाहीर झाली, हे वर्तमानपत्रात वाचल्याचे मला आठवत होते. इतके नाजूक मोजणारे उपकरण इतर सगळेही मोजते, हे मात्र तेव्हा लक्षात आले नव्हते. जमिनीची थरथर, समुद्राच्या लाटांनी भूकवचात उठणारे मंद कंप, विजेच्या तारांचा गुणगुणाट, भरकटून परत आलेला लेझरचा प्रकाश अशा अनेक कारणांनी क्षणभर उमटणाऱ्या ओरखड्यांना तिथे ग्लिच म्हणतात. हॅनफर्डला तर एकदा असे आढळले की तहानलेले डोमकावळे थंड नळ्यांवर साचलेला बर्फ चोचीने फोडत होते आणि ते टोले नोंदींत उतरत होते.

म्हणजे आमच्यासारख्या स्वयंसेवकांपुढे येते तो सगळा कचरा असतो. लहर शोधण्याची कामे वेगळ्या गणिती पद्धतींनी चालतात आणि ती करणारी माणसे वेगळी असतात. कचऱ्याची वर्गवारी झाली, एकाच जातीचे ग्लिच एकत्र आले की त्यांची कारणे शोधता येतात आणि कारण सापडले तर उपकरणातून ते काढून टाकता येते. हे मला भाचीने दोनदा सांगूनही पटले नव्हते. पटले ते १७ ऑगस्ट २०१७ ची हकीकत वाचल्यावर. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर प्रथमच आली आणि लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत नेमका टकरीच्या सुमारे एक सेकंद आधी एक जोरदार ग्लिच उमटला. त्यामुळे तिथल्या स्वयंचलित पद्धतीने ती नोंद सुरुवातीला धरलीच नाही. हॅनफर्डच्या नोंदीवरून इशारा निघाला, मग माणसांनी लिव्हिंग्स्टनची आकृती डोळ्यांनी पाहिली आणि ग्लिचच्या आरपार गेलेली लहरीची वर चढणारी रेघ त्यांना स्पष्ट दिसली.

काम सुरू झाले ते अगदी बालवर्गातून. पहिल्या पातळीवर मोजकेच पर्याय असतात. ब्लिप हा त्यातला एक, म्हणजे भाचीने दाखवलेला थेंब. दुसरा व्हिसल, जो वरच्या वारंवारतेत इंग्रजी व्ही किंवा डब्ल्यू अक्षरासारखा उमटतो. आणि तिसरा ‘यापैकी नाही’. प्रत्येक ग्लिचच्या चार आकृत्या मिळतात, अर्धा, एक, दोन आणि चार सेकंदांच्या. मधूनमधून अशीही आकृती येते की जिचे उत्तर तज्ज्ञांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. आपण बटण दाबले की लगेच बरोबर की चूक ते कळते. टपालात टेस्ट लेटर असायची. कोणीतरी मुद्दाम टाकलेले पत्र कुठे किती वेळात पोहोचते त्यावरून आमची परीक्षा होत असे आणि कोणते पत्र परीक्षेचे हे आम्हाला कधी कळत नसे. इथे निकाल तोंडावर सांगतात एवढा फरक. पहिल्या दिवशी मी फक्त अर्ध्या सेकंदाची आकृती बघून पटापट बटणे दाबत सुटलो आणि मोठमोठ्या ग्लिचना ब्लिप ठरवून बसलो. अर्ध्या सेकंदाच्या चौकटीत जो साधा थेंब वाटतो, त्याच्या तळाजवळ पसरलेले पर आणि वरची शेपूट चार सेकंदांच्या चौकटीत दिसते आणि मग तो ब्लिप राहत नाही, कोय फिश होतो, म्हणजे कोय नावाच्या माशासारखा दिसणारा वर्ग. नंतर वाचनात आले की प्रकल्पात ग्लिच ओळखणाऱ्या संगणकीय यंत्रालाही हीच शिकवण द्यावी लागली होती. चारही चौकटी एकत्र जोडून दाखवल्यावर त्याची ओळख सुधारली.

कोय फिशवरून घरात थोडा वाद झाला. मी वहीत प्रत्येक वर्गाला मराठी टोपणनाव देत होतो. ब्लिपला ‘थेंब’, लेझरच्या भरकटलेल्या प्रकाशाला ‘कमानी’, टोमटे नावाच्या वर्गाला ‘टोपी’ आणि कोय फिशला ‘पापलेट’. सौभाग्यवतींनी चष्मा लावून आकृती पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, पापलेट कधी एवढं लांबट असतं का? हा हलवा आहे.” दर रविवारी दिवाळे गावच्या बाजारातून मासळी त्याच आणतात, तेव्हा त्यांचा शब्द अखेरचा. वहीत अजून ‘हलवा’ हेच नाव आहे.

आता यंत्राविषयी. तज्ज्ञांनी ओळखलेल्या सात हजारांहून अधिक ग्लिचच्या आकृत्या दाखवून या यंत्राला शिकवले गेले. इथे यंत्र म्हणजे मशीन लर्निंगची एक संगणकीय पद्धत. मी सोयीसाठी यंत्र म्हणतो. नवा ग्लिच आला की ते प्रत्येक वर्गाला आपल्या खात्रीचा वाटा देते, म्हणजे ‘ब्लिप असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के, कोय फिशची दोन’ अशा स्वरूपाचा हिशेब मांडते. मला वाटले होते की यंत्राची जिथे खात्री झाली तिथे माणसाचे काम संपले. प्रत्यक्षात ज्या आकृत्यांविषयी यंत्राला जवळजवळ पूर्ण खात्री आहे, त्याच नवशिक्या स्वयंसेवकांपुढे ठेवतात, म्हणजे शिकताना त्यांची गल्लत होत नाही. स्वयंसेवकाचा हात बसला की त्याला वरच्या पातळीवर चढवतात, तिथे खण वाढतात आणि यंत्र ज्यांच्याविषयी साशंक आहे अशा आकृत्या येऊ लागतात. स्वयंसेवकांनी दिलेली उत्तरे परत यंत्राच्या शिक्षणात जातात. एकेका आकृतीवर यंत्राचे मत आणि अनेक माणसांची मते एकत्र करून तिचा वर्ग पुरेशा खात्रीने ठरला की ती आकृती रांगेतून बाहेर पडते. म्हणजे यंत्र माणसाला शिकवते, माणूस यंत्राला शिकवतो, आणि दोघांमधला शिक्षक कोण हे त्या आठवड्याला कोणता ग्लिच आला यावर अवलंबून असते.

माणसाचे वजनही सरसकट धरत नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. प्रत्येक स्वयंसेवकाची प्रत्येक वर्गापुरती स्वतंत्र पत ठेवलेली असते. जो ब्लिप उत्तम ओळखतो पण व्हिसलमध्ये घसरतो, त्याचे ब्लिपचे मत जड धरले जाते आणि व्हिसलचे हलके. आमच्या कामात हे सगळ्यांना तोंडी ठाऊक असायचे. अमुक एकाला कोकणातली गावे चांगली पाठ आहेत, तमुक एकाला मोडी वळणाचे अक्षर लागते, तेव्हा अडलेले पत्र कोणाच्या हातात द्यायचे हे ठरलेले असे. ते कागदावर कोणी मांडले नव्हते, इथे ते गणितात मांडलेले आहे.

माझी स्वतःची पत एका रात्रीत कशी गेली तेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात मी वरच्या पातळीवर गेलो होतो आणि रात्री जेवणानंतर दोन तास बसत होतो. एका रात्री एकामागून एक कोऱ्या आकृत्या येऊ लागल्या. मी ‘ग्लिच नाही’ हे बटण दाबत राहिलो. साठ-सत्तर झाल्यावर एक परीक्षेची आकृती आली आणि माझे उत्तर चुकल्याचे कळले. तो व्हिसल होता. मी डोळे ताणून पाहिले तरी तिथे मला काहीही दिसेना. दुसरी परीक्षेची आकृती चुकली, तिसरीही चुकली, आणि तोवर मला यंत्राचाच संशय येऊ लागला. तज्ज्ञांनी चुकीची उत्तरे भरून ठेवली असावीत अशा निष्कर्षापर्यंत मी जवळजवळ पोहोचलो होतो. सकाळी भाचीला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “मामा, नाइट लाइट चालू आहे का रे?” डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मुलाने लॅपटॉपवर रात्री नऊनंतर पडदा पिवळसर करणारी सोय लावून दिली होती. निळा रंग त्यात बुजून जातो आणि व्हिसलच्या फिक्या रेघा नेमक्या निळसर हिरव्या असतात. दिवसा त्याच जातीच्या आकृत्या मी बरोबर ओळखत होतो.

माझ्या सत्तर चुकीच्या उत्तरांनी कोणाचे संशोधन बिघडले तर, ही भीती मला दोन दिवस खात होती. भाचीने समजावले ते असे, की एका माणसाच्या मतावर कोणतीही आकृती रांगेबाहेर जात नाही, आणि परीक्षेच्या तीन आकृत्या चुकल्यावर माझे त्या वर्गातले वजन आपोआप कमी झाले असणार. पद्धत माणसाच्या चुका गृहीत धरूनच बांधलेली आहे. असे पूर्वग्रह एकट्यादुकट्याचे नसतात, हेही तिने एका उदाहरणावरून सांगितले. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पात लोकांनी सर्पिल दीर्घिका कोणत्या दिशेने वळतात ते नोंदवले, तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळणाऱ्या दीर्घिका जास्त भरल्या. विश्वाला एक दिशा अधिक प्रिय आहे की काय असा प्रश्न उभा राहिला. मग काही छायाचित्रे आरशातल्यासारखी उलटी करून दाखवली, तरी लोकांनी पुन्हा उलट वळणाऱ्याच जास्त मोजल्या. म्हणजे कल विश्वाचा नव्हता, आपल्या डोळ्यांचा होता. ते वाचल्यावर मला माझ्या नाइट लाइटची लाज थोडी कमी वाटू लागली.

पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती मला कोणी दाखवली नाही. सहाव्या आठवड्यात मी स्वतःच्या उत्तरांचा हिशेब वहीत घातला. जवळजवळ नऊशे आकृत्यांपैकी ‘यापैकी नाही’ हे उत्तर मी फक्त अकरा वेळा दिले होते. एवढ्या आकृत्यांत आपल्याला न कळलेल्या अकराच असाव्यात, हे संभवत नाही. मी आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की आकृती कुठेच बसत नसली की मी तिच्यातल्या त्यात जवळचा खण शोधत होतो. थोडी रुंद कमान असेल तर ‘कमानी’, थेंबाला शेपटीसारखे काही दिसले तर ‘हलवा’. जवळच्या खणात पत्र ढकलायची ती जुनी खोड चौतीस वर्षांनीही माझ्या हातात बसलेली होती आणि मी ती कसब समजत होतो.

यंत्राची खोडही हीच आहे, हे कळल्यावर मला काहीसे हसू आले. ते आपली शंभर टक्के खात्री वाटून देते ती शिकवलेल्या वर्गांमध्येच. त्याला ‘यापैकी नाही’ हा वर्गही शिकवलेला असतो, परंतु ‘बाकी सगळे’ यांची ठरावीक आकृती नसल्यामुळे तो वर्ग नीट शिकणे त्याला जड जाते. ज्या जातीचा ग्लिच त्याने कधीच पाहिलेला नाही तो समोर आला तर तो ओळखीच्याच एखाद्या खणात जाण्याचा संभव मोठा, तोही कधी कधी भरघोस खात्रीने. उपकरणात दुरुस्त्या होत राहतात, नव्या निरीक्षणसत्रात जुने ग्लिच जातात आणि नवे येतात. तेव्हा माणसांकडून खरी अपेक्षा ‘हे आपण कधी पाहिलेले नाही’ असे म्हणण्याची असते. ज्या राशीला मी आयुष्यभर लपवत आलो, ती रास करणे हेच इथले वरच्या पातळीचे काम होते.

याला इतिहासही आहे. प्रकल्पाची चाचणी चालू असतानाच स्वयंसेवकांनी यंत्राच्या यादीत नसलेले दोन वर्ग वेगळे काढले होते. एकाचे नाव पेअर्ड डव्ह्ज, म्हणजे पारव्यांची जोडी, आणि दुसऱ्याचे हेलिक्स, म्हणजे पीळ. पारव्यांच्या जोडीची आकृती खऱ्या लहरीच्या चढत्या रेघेशी मिळतीजुळती असल्याने तिची ओळख पटणे विशेष गरजेचे होते. तिचा संबंध हॅनफर्डच्या किरण विभागणाऱ्या आरशाच्या मंद हालचालीशी असल्याचे आढळले. पुढे एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या तिसऱ्या निरीक्षणसत्रात स्वयंसेवकांनी मुकुटासारख्या दिसणाऱ्या लहान लहान कमानी गोळा केल्या आणि त्यांना ‘क्राउन’ म्हटले. लायगोतील शास्त्रज्ञही त्याच ग्लिचच्या मागावर होते, त्यांनी दिलेले नाव ‘फास्ट स्कॅटरिंग’. सेकंदाला दोन-चार कमानी, पंचवीस-पन्नास हर्ट्झच्या आसपास, आणि लिव्हिंग्स्टनमध्ये त्यांची गर्दी. जमिनीची थरथर वाढली की त्या वाढतात, आणि ती थरथर आसपासची वाहतूक, वृक्षतोडीची यंत्रे आणि जवळून जाणारी रेल्वे यांच्यामुळे होते. हा वर्ग यंत्राला शिकवला गेला आणि आधी भलत्या खणांत गेलेले कितीतरी ग्लिच आपापल्या खणात परत आले.

खोड ध्यानात आल्यावर मी एक नियम घालून घेतला. आकृती पाहिल्यावर कोणता वर्ग हे ठरवण्याआधी ती कशासारखी नाही हे मनात एकदा म्हणायचे. वेग निम्म्यावर आला. ‘यापैकी नाही’ची रास वाढू लागली आणि त्या राशीत हळूहळू सारखेपणा दिसू लागला. खाली सलग पिवळसर पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला करवतीसारखे दाते, अशा आकृत्या मी वेगळ्या संग्रहात ठेवू लागलो. प्रकल्पात एक सोय अशी आहे की एखादी आकृती दिली की यंत्र तिच्याशी जुळणाऱ्या इतर आकृत्या काढून देते. जे यंत्र नवा वर्ग ओळखू शकत नाही तेच सारख्या आकृत्या हुडकण्यात फार तरबेज असते, हा या व्यवहारातला मोठा गमतीचा भाग. तिच्या मदतीने माझ्याकडे एकतीस आकृत्या जमल्या. बहुतेक लिव्हिंग्स्टनच्या होत्या. मी त्यांना ‘करवत’ असे नाव दिले, इंग्रजीत चार ओळींचे वर्णन भाचीकडून तपासून घेतले आणि नव्या वर्गाचा प्रस्ताव मांडला. खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या स्वयंसेवकाचे उत्तर आले. त्याने माझ्या एकतीसपैकी पाच आकृत्या निवडल्या आणि त्यांतली वेळेची पट्टी ताणून पाहायला सांगितले. चार सेकंदांच्या चौकटीत जो सलग पट्टा वाटत होता, तो अर्ध्या सेकंदाच्या चौकटीत सुट्या कमानींचा निघाला. कमानी फिक्या आणि दाट असल्याने एकमेकींत मिसळल्या होत्या आणि त्यांची टोके तेवढी दात्यांसारखी वर उरली होती. माझी करवत म्हणजे क्राउनच होती. पहिल्या दिवशी मी फक्त लहान चौकट पाहून फसलो होतो, या वेळी मोठ्या चौकटीवर विसंबून फसलो. उत्तर देणाऱ्याने अत्यंत सभ्यपणे लिहिले होते, की एकतीस आकृत्या निगुतीने जमवलेल्या आहेत आणि फिक्या नमुन्यांचा संग्रह म्हणून त्या तशाच ठेवाव्यात.

आमच्या इमारतीपासून नेरूळ स्थानक फार दूर नाही. रात्री उशिरा रस्ता शांत झाला की पनवेलकडे जाणारी गाडी खिडकीच्या काचेतून जाणवते. आधी काच बारीक कुरकुरते, मग पेल्यातले पाणी हलते आणि आवाज सर्वांत शेवटी येतो. लिव्हिंग्स्टनजवळून जाणारी मालगाडी हजारो मैल दूर माझ्या पडद्यावर दाते होऊन येत असावी, हे त्या रात्री पाण्याच्या पेल्याकडे बघताना मला प्रथमच नीट जाणवले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो इंडिया उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली आणि पुण्याची आयुका ही त्या प्रकल्पातील एक प्रमुख संस्था आहे. अमेरिकेत विजेच्या तारांचा ग्लिच साठ हर्ट्झवर आडव्या पट्टीसारखा उमटतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा इथे ती पट्टी खाली सरकेल. बाकी मराठवाड्यातल्या जमिनीचे, वाऱ्याचे आणि पावसाचे ग्लिच कसे दिसतील ते अजून कोणत्याच यंत्राला शिकवलेले नाही. भाची म्हणते की तोवर तिचे एम.एस्सी. झालेले असेल. मी माझ्या वयाचा हिशेब करून गप्प बसलो.

गुडघा बरा होऊन दीड वर्ष झाले, मी सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात फेरी मारून येतो आणि तरीही आठवड्यातून चार दिवस या कामाला बसतो. नाइट लाइट मुलाने कायमची बंद करून दिली आहे. गेल्या महिन्याच्या हिशेबात ‘यापैकी नाही’ची उत्तरे शेकड्यात दहाच्या आसपास आली. ती सगळी बरोबर असतील असे मी म्हणत नाही. त्यांतल्या काही आकृत्यांत ब्लिपच्या खालच्या अंगाला, थेंबाच्या टोकापासून जरा सुटलेला, एक आडवा ठिपका दिसतो. चारही चौकटी ताणून पाहिल्या, जुन्या वर्गांशी ताडून पाहिल्या, सौभाग्यवतींनाही दाखवल्या. त्यांच्या मते हा कुठलाच मासा नाही. सारख्या आकृत्या शोधणाऱ्या यंत्राला विचारले तर ते साधे ब्लिपच आणून देते. अशा आकृत्या माझ्याकडे सध्या चार आहेत. चारवर प्रस्ताव मांडता येत नाही, म्हणून मी पाचवीची वाट पाहतो आहे.